साडी विरेपर्यंत

आमच्या घरात साडी जुनी होत नसे, तिची बदली होत असे. हा शब्द वडिलांचा. ते सरकारी कचेरीत कारकून होते, दर काही वर्षांनी त्यांना कुठं ना कुठं हलवत, आणि आईच्या साड्यांचंही तसंच चालतं असं त्यांचं म्हणणं होतं. नवी साडी आधी लग्नकार्याला. घडी मोडून जरा मऊ झाली की देवळाला आणि बाजाराला. मग घरात. विरायला लागली की आई तिला दांड घालायची, म्हणजे मधला विरलेला भाग कापून काढायचा आणि धड राहिलेली दोन्ही टोकं एकमेकांना शिवायची. अशी दांडाची साडी आणखी दोन-तीन वर्षं सहज जायची. मग ती वाकळेत जाई. वाकळ फाटली की पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं, आणि पोतेरं हातात धरवेना झालं की वाळवून बंबात. त्या बंबावर आमचं अंघोळीचं पाणी तापायचं. बंबाची राख भांड्यांना, आणि उरलेली परड्यातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याला. शेवटी साडी आमटीत येऊन निवृत्त होते बघ, असं वडील मला सांगायचे.

आईला हे विनोद कळत, पण आवडत नसत. ती कंजूष नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात तसं म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. पाहुण्याच्या पोळीवर तूप वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. तिला फक्त वस्तू अर्ध्यात गेलेली सोसायची नाही. आणि उलट बाजूनं, जिचं काम संपलंय अशी वस्तू ती क्षणभरही जवळ ठेवायची नाही. माझा लहानपणचा एक फुलाफुलांचा फ्रॉक होता, त्याचं पोतेरं झालं, आणि एके सकाळी तो बंबाच्या तोंडाशी दिसला. मी तेव्हा कॉलेजात होते, तरी रडवेली झाले. आठवण म्हणून एवढा तुकडा ठेवू या म्हटलं. तिनं तो चिमट्यानं आत सारला आणि म्हणाली, काम झालं त्याचं, आता त्याला कशाला अडकवून ठेवतीस. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला मात्र त्या दिवशीचं पाणी अंगावर घेववेना.

प्रवासातही तिचं हेच चालायचं. तिचं माहेर गारगोटीच्या पलीकडचं एक खेडं. सुट्टीत एसटीनं जायचं म्हणजे फिरकीचा पितळी तांब्या, धपाटी फडक्यात बांधलेली, आणि एक रिकामी कापडी पिशवी. ही पिशवी येताना काही आणायला नव्हे, तर वाटेत होणाऱ्या कचऱ्याला. केळीची सालं, शेंगांची टरफलं, आंब्याच्या कोयी, सगळं त्या पिशवीत. सालं घरी येऊन कोपऱ्यावरच्या गवळ्याच्या म्हशीपुढं जायची. म्हशीला आमची एसटी कधी येते ते कळतं, असं वडील म्हणत. रसाच्या गुऱ्हाळावर ती आपला पेला पुढं करायची आणि रस घालणाऱ्याशी तिथंच गावाकडच्या ओळखी काढायची. मला लाज वाटायची, पण रस तिच्याच पेल्यातून प्यायचे. एकदा पुण्याला जाताना मिरजेच्या फलाटावर मी हट्टानं पाण्याची बाटली घेतली. नव्वद सालानंतर त्या बाटल्या नुकत्याच सगळीकडं दिसायला लागल्या होत्या. रिकामी झाल्यावर आईनं ती आपल्या पिशवीत घातली. पुढं कैक वर्षं ती बाटली आमच्याकडं रॉकेलला होती.

माझं लग्न होऊन मी गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटात राहायला गेले. तिथं परडं नव्हतं, बंब नव्हता, गीझर होता. आई यायची ती आधी मोरीत पाय धुवायची आणि मग सरळ माझ्या कचऱ्याच्या बादलीपाशी जायची. लोक लेकीचा संसार देव्हाऱ्यावरून नाहीतर फडताळावरून जोखतात, ही बादलीवरून. कोथिंबिरीच्या काड्या दिसल्या की उचलून आमटीला ठेवायची. मी चिडायचे. मग तीच आमटी मी दोनदा वाढून घ्यायचे.

तिला एक गोष्ट मात्र कधीच पटली नाही, आणि ती होती मयताची साडी. आमच्याकडं बाई गेली की माहेरचा माणूस नवी साडी घेऊन येतो. ती अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत. सवाष्ण असेल तर हिरवी. बाकीचे नातेवाईकही एकेक घालतात, बघता बघता ढीग होतो, आणि सगळा अग्नीत जातो. शेजारची एक बाई गेली तेव्हा आई मयताला जाऊन आली, अंघोळ केली, आणि ओल्या केसांनी पायरीवर बसून राहिली. त्या बाईला आयुष्यभर दोन साड्यांवर काढताना तिनं पाहिलं होतं. आई एवढंच म्हणाली की बिचारीला यातली एक तरी नेसायला मिळायला हवी होती. दिवसभर तिच्या डोक्यातून ते गेलं नाही.

मग तिच्या पायांवर सूज यायला लागली. साखर तिला बरीच वर्षं होती, रक्तदाबही होता, आणि दोघांनी मिळून मूत्रपिंडं खाल्ली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं. दिवसाचं सगळं पाणी एका लहान तांब्यात. आई ते देवाच्या पळीनं प्यायची, एकेक पळी, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन. पाणी जपायचं तिला कुणी शिकवायला नको होतं, पण हे जपणं वेगळं होतं. घसा सुकलेला असायचा आणि परड्यातल्या नळाचा आवाज आला की ती तोंड फिरवायची. ते बघताना माझ्या जिवाचं पाणी व्हायचं, आणि मी तिच्यासमोर पाणी प्यायचं सोडून दिलं.

डायलिसिसला मी न्यायचे. डाव्या हाताची शीर त्यासाठी जोडून घेतली होती, म्हणून त्या हातात बांगड्या चालत नसत. आई उजव्या हातातच दोन्ही हातांच्या भरायची. अर्धा दिवस ती त्या खुर्चीत पडून असायची. रक्त ज्या जाडसर नळकांड्यातून गाळून येतं त्याला तिथले पेशंट किडनीच म्हणत. प्रत्येकाची आपली वेगळी, नाव घातलेली, आणि ती धुऊन त्याच माणसाला पुन्हा लावत. हे कळलं त्या दिवशी आईचा चेहरा खुलला. घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं की तिथली माणसं चांगल्या घरची दिसतात, टाकून देत नाहीत. वडील हसले आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पण किडनी सोडली तर बाकी सगळं टाकायचंच होतं. नळ्या, सुया, हातमोजे, कापूस, सलाईनच्या बाटल्या. प्रत्येक वेळी एक पिशवी भरायची. आई खुर्चीत पडल्या पडल्या त्या पिशवीकडं बघायची. निघताना पिशवी तिला दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहायचे, तरी ती मान वळवायची. एकदा रिक्षात बसल्यावर तिनं मला विचारलं की ही पिशवी कुठं जाते. जाळतात, म्हणून मी सांगितलं. रंकाळ्याजवळ आल्यावर ती म्हणाली, "माझ्या एकटीपायी एवढं जळतंय व्हय गं."

त्या वर्षीची भाऊबीज मला स्पष्ट आठवते. आईला एकच भाऊ, तिच्यापेक्षा बराच लहान. त्यांची आई लवकर गेल्यामुळं हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. मामा शेती करायचा, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा, आणि आईसमोर एकदम मऊ. दर भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं यायचा, येताना नवे तांदूळ, गूळ आणि साडी. त्या दिवशीही आईनं पाट मांडला, ओवाळलं. मामानं पिशवीतनं साडीचा पुडा काढून ताम्हनात ठेवला आणि जेवायला बसला. आईनं तो पुडा उचलून परत त्याच्या पिशवीत घातला.

"ही नको," ती म्हणाली. "मी गेल्यावर आणशील नव्हं, हिरवी, ती आत्ता दे. जळायच्या आधी नेसून तरी घेतो."

ती हे अगदी सहज म्हणाली, जसं एखादीनं लाल नको, निळी आण म्हणावं. वडिलांनी मान खाली घातली. मामाला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. तो पुढ्यात वाढलेल्या ताटाकडं बघत राहिला, पोळीचा एक तुकडा मोडलेला होता, तो त्यानं तसाच ठेवला. असलं आपल्याकडनं व्हायचं नाही, कुणी जितेपणी असलं मागतं का, असं काहीतरी पुटपुटत उठला आणि हातही न धुता स्टँडकडं गेला. आमच्या घरात ताटात अन्न टाकून उठलेला मी पाहिलेला तो पहिला माणूस. आईनं ते ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ते स्वतः म्हशीला घालून आली.

मामा संक्रांतीला आला नाही. फोन आले ते वडिलांना, तेही दोन वाक्यांचे. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आईचाही. तिला म्हटलं, तू त्याच्याकडं साडी नाही मागितलीस, तुझं मरण त्याच्या हातानं द्यायला सांगितलंस. ती म्हणाली, मरण त्याच्या हातात कुठं हाय, साडीच हाय फक्त. हट्टी होती. मामाही हट्टी होता. एकाच घराण्याचं पाणी.

हिवाळा सरता सरता आई थकली. डायलिसिसचा दिवस आला की अंगात कणकण आहे म्हणायची, मग म्हणायची उद्या जाऊ. मी रागावून, समजावून न्यायचे. फेब्रुवारीतली एक दुपार. मी रिक्षा दारात उभी करून आत आले, तर ती स्वयंपाकघरात खाली बसली होती आणि पोतेऱ्यानं चुलीपुढची फरशी पुसत होती, तिला मनाई असताना. मी पोतेरं हातातून काढून घेतलं. चल म्हटलं. ती उठली नाही.

"हे धुऊन कुणी नेसतं का?" तिनं माझ्या हातातल्या पोतेऱ्याकडं बोट केलं. "माझं बी हेच झालंय बघ. सोडा आता मला."

आयुष्यभर तिनं शिकवलेलं सगळं तिच्याच बाजूचं होतं. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले, लहान पोरीसारखी. रिक्षावाला दारातून हाका मारत होता. शेवटी ती माझ्यासाठी म्हणून उठली, स्वतःसाठी नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. रिक्षात म्हणाली, पाडव्यापर्यंत येतो, मग मला चल म्हणायचं न्हाय.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही डायलिसिसला गेलो तर बाहेरच्या बाकड्यावर मामा बसला होता. वडिलांनी फोनवर त्याला पाडव्याचं सांगितलं होतं, तो पहाटेची एसटी धरून आला होता. धोतराला लाल माती, दाढी वाढलेली. आईनं त्याला बघितलं आणि तशीच आत गेली. सुया लागल्या, यंत्र सुरू झालं. मामा तोवर दारात उभा. रक्त नळीतून फिरताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो भिंतीला धरून धरून आत आला, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या पायांवर ठेवलं. खोका नाही, प्लॅस्टिक नाही. दुकानदाराला ते सगळं परत घ्यायला लावलं असणार. आत हिरवी इरकल होती, लाल पदराची.

"विरंपतूर नेस, आक्का," मामा म्हणाला. "विरली की दुसरी आणतो."

आईनं मोकळा हात साडीवर ठेवला. कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं, जसं ती दुकानात बघायची. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिवसाचं पाणी मोजून मिळणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत एवढं कुठून आलं, असं माझ्या मनात आलं. चांगली हाय, ती म्हणाली, लवकर विरायची न्हाय ही. मामा म्हणाला, म्हणूनच आणली.

पाडव्याला तिनं ती नेसली. त्यानंतर डायलिसिस नको हा शब्द तिच्या तोंडून बरेच दिवस आला नाही. साडी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, आणि दर डायलिसिसला तीच नेसायची. तिथल्या बायका विचारायच्या, रोज हीच साडी का. ही सांगायची, माझ्या मयताची हाय. त्या दचकायच्या आणि ती हसायची. मामा महिन्यातून एकदा यायचा, आल्या आल्या पदराचं टोक हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, अजून चांगली हाय. पुढची भाऊबीज झाली. त्या वेळी मामानं ताटात शीत ठेवलं नाही.

त्यानंतरच्या श्रावणात तिला ताप आला आणि छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेलं, दोन दिवसांनी सकाळी ती गेली. त्याआधी शुद्धीत असताना तिनं मला सांगून ठेवलं होतं. साडी विरलेली नाही, तेव्हा ती माझ्यावर घालू नका, मला माझ्या दांडाच्या साडीत घालवा आणि ही तू नेस. मी मान हलवली होती. पण सांगणं सोपं असतं.

घर माणसांनी भरलं. तिला अंघोळ घातली, मी दांडाची साडी आणून दिली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सवाष्ण बाई जोडलेल्या साडीत कशी जाईल, माहेरची साडी आल्याशिवाय उचलायचं नाही, भाऊ येतोय तोवर थांबा. मी सांगायचा प्रयत्न केला. माझं कोण ऐकतं. वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांना काही ऐकू येत होतं असं वाटत नव्हतं. मामा आला, रिकाम्या हातांनी. तो तिच्या उशाशी बसला. तिच्या उजव्या हातातल्या बांगड्यांवरून हात फिरवला. मी कोपऱ्यात ती हिरवी साडी छातीशी धरून उभी होते. त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं, तसं आईचं सांगणं मी त्याच्या कानावर घातलं. त्यानं पदराचं टोक ओढून घेतलं आणि सवयीनं उजेडाला धरलं.

"माझी साडी मी तिला जितेपणी दिलीया," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिनं तुला दिली. तू नेस. अजून चांगली हाय."

मग त्याचा तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज फुटला. त्यानं खिशातून एक हिरवा खण काढून तिच्या अंगावर ठेवला, आणि तिला दांडाच्या साडीतच उचललं. ती साडी विरून विरून इतकी मऊ झाली होती की आतल्या हाडांचा आकार दिसत होता. रक्षा वडिलांनी नदीत सोडू दिली नाही. परड्यात कढीपत्त्याच्या आळ्यात घातली. पुढं बरेच दिवस आम्ही फोडणीत कढीपत्ता घातला नाही.

त्याला आता वर्षं झाली. वडील गेले, ते घर दुसऱ्या भाडेकरूकडं गेलं, बंब भंगारवाला घेऊन गेला. हिरवी साडी मी नेसत आले. आधी समारंभाला, मग देवळाला, मग घरात, तिच्या शिस्तीनं. गेल्या पावसाळ्यात निऱ्यांच्या जागी ती विरली. बोट घातलं तर पलीकडं दिसतं. आई असती तर तिनं त्याच दिवशी कात्री घेऊन मधला भाग काढला असता. मीही काढणार होते. पाट घेऊन खाली बसले होते, साडी पसरली होती, कात्री हातात होती, तेवढ्यात मामा आला. आता त्याला एसटीनं एकट्याला येववत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. कुणीतरी जीपमधून आणून दारात सोडतं.

तो माझ्याशेजारी खाली बसला. साडी ओळखायला त्याला दिसायची गरज नव्हती. हातानं चाचपत तो मधल्या जागेपर्यंत आला, जिथं कापड राहिलंच नव्हतं, नुसते आडवे धागे होते. तिथं त्याची बोटं थांबली. मग त्यानं ती जागा खिडकीच्या उजेडाला धरली. सगळा उजेड आरपार त्याच्या तोंडावर आला.

"अजून चांगली हाय," मामा म्हणाला.

मी कात्री खाली ठेवली. साडीची घडी घातली आणि कपाटात परत ठेवून दिली. आईला हे अजिबात आवडलं नसतं.